अर्धा श्वास आधी

मी परत गेले ती बुटासाठी. घाईघाईत पिशवी भरताना एक बूट आत आला आणि दुसरा कपाटाखाली राहिला. बॅलेचा एकच बूट घेऊन घरी बसून करणार काय? आमची बॅले कंपनी त्याच दुपारी बंद झाली होती. साथ शहरात पोचली होती, सगळे प्रयोग रद्द झाले होते, आणि परत कधी यायचं ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

तालमीच्या हॉलमध्ये आता कोण असणार, म्हणून मी गुणगुणतच आत शिरले. कोपऱ्यात एक माणूस पियानोवर चादर घालत होता. नुसती टाकत नव्हता — लहान मुलाला थंडी वाजू नये म्हणून खोचतात, तशा कडा आत खोचत होता.

"झोपला का?" मी विचारलं.

तो दचकून वळला. अर्ध्या तोंडावर मास्क, वर दोन डोळे.

"आत्ताच डोळा लागलाय," तो म्हणाला. "हळू बोला."

"आणि तुम्ही कोण?"

"गेले दोन आठवडे तुम्हाला उड्या मारायला लावतोय, तो मी."

नवा पियानोवाला! मी जीभ चावली. पण चूक सगळी माझी नव्हती. पियानोचं तोंड भिंतीकडे, आमची तोंडं आरशाकडे. आरशासमोर वाढलेल्या माणसांना दुसऱ्याचं तोंड दिसायला जरा वेळच लागतो. मला त्याची फक्त मान ठाऊक होती. आज डोळे मिळाले, आणि ते हसरे होते. पुढे अख्खा माणूस मला असाच हप्त्याहप्त्याने मिळायचा होता.

"उडीच्या आधी तुम्ही खांदे उचलून श्वास घेता," तो म्हणाला. "त्यावरून मला कळतं, सूर कधी द्यायचा."

"कसं कळतं? तुम्ही तर पाठमोरे बसता!"

"पियानोच्या झाकणाला पॉलिश फार छान आहे हो…"

माझे कान तापले. मास्कचा पहिला फायदा मला त्या दिवशी कळला. मी बूट उचलला, काहीतरी पुटपुटले आणि तिथून पळ काढला. घरी जाऊन पाहते तर तो बूट भलत्याच कुणाचातरी होता.

मग सगळेच घरात अडकलो. कंपनी मात्र हातावर हात ठेवून बसली नाही. आमच्या मोठ्या बाई — आम्हाला नाच शिकवायच्या त्याच, आणि कंपनीही त्याच चालवायच्या — म्हणाल्या, "प्रेक्षक येत नसतील, तर आपण प्रेक्षकांकडे जाऊ." घागऱ्यांचं अस्तर कापून शिवणखोलीत मास्क शिवले जाऊ लागले. रंगमंचाचे देखावे नेणारी गाडी किराणा पोचवू लागली. आणि आम्हा नाचणाऱ्यांकडे आले कंपनीचे जुने प्रेक्षक, एकटे राहणारे, वयस्कर. त्यांना रोज फोन करायचा, गप्पा मारायच्या, हवं नको विचारायचं.

"नुसतं बोलायचा पगार मिळतो?" आई म्हणाली. "मग मी आयुष्यभर फुकट बोलले की गं."

माझ्या वाट्याला आलेले एक आजोबा जन्मभर बस चालवून निवृत्त झाले होते. एके दिवशी ते न्हाणीघरात पडले. हाड वाचलं, पण धीर सुटला. भिंत धरल्याशिवाय पाऊल टाकेनात. मी बाईंना सांगितलं. "आपल्याला दुसरं काय येतं?" बाई म्हणाल्या. "तोलच येतो ना? मग तोच शिकवू."

असा आमचा खुर्चीचा वर्ग सुरू झाला. सगळ्यांनी आपापल्या घरात खुर्चीची पाठ धरायची, समोर फोन नाहीतर लॅपटॉप, आणि मी पडद्यावर करून दाखवेन तसं करायचं. गुडघे वाकवा, टाचा उचला, मग एका पायावर उभे राहा. शिकवायला मी एका पायावर तयार झाले, कारण बाई पुढे म्हणाल्या होत्या, "पियानोवर आपला नवा मुलगा असेल. त्याच्या घरी पियानो आहे."

आता हात मिळाले. कॅमेरा त्याने पियानोच्या पट्ट्यांवर रोखला होता, त्यामुळे त्याच्या चौकोनात नुसते दोन हात दिसायचे. लांब बोटं, एका नखावर शाईचा डाग. आई चहा ठेवायच्या निमित्ताने मागून जायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "हात तरी बरे आहेत."

सगळ्यांना तो आवडला. आजोबांचा तोल गेला की तो सूर तसाच धरून ठेवायचा आणि ते पुन्हा सरळ झाले की मगच पुढे जायचा. एका आजींचं फक्त कपाळ दिसायचं. आम्ही त्यांना 'कपाळवाल्या आजी' म्हणायचो, आणि त्यांना ते पसंत होतं. त्या म्हणाल्या, "हा बाजा माणसाची वाट बघतो गं."

पण हेच वाट बघणं आमच्या मुळावर आलं.

त्याचं असं व्हायचं — त्याचा सूर माझ्या घरी पोचायला अर्धा श्वास लागायचा. तो ऐकून मी पाय उचलायचे. माझा पाय त्याला दिसायला आणखी अर्धा श्वास. त्याला वाटायचं मी मागे पडले, म्हणून तो थांबायचा. तो थांबला म्हणून मी थांबायचे. मी त्याच्यासाठी, तो माझ्यासाठी… आणि चांगली तरातरा निघालेली चाल हळू, आणखी हळू होत होत चक्क बंद पडायची.

एकदा ती अशीच बंद पडली. पडद्यावर सगळी मंडळी एका पायावर. शेवटी आजोबा गरजले,

"अहो, अरुंद रस्त्यावर समोरासमोर आलेल्या दोन गाड्या 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत बसल्या, तर मागे रांग लागते! रांगेत आम्ही आहोत. आमचा पाय दुखतोय!"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. वर्ग संपल्यावर त्यांनी आम्हा दोघांना थांबवून घेतलं.

"आज कुणी पडलं असतं तर?" त्या म्हणाल्या. "शनिवारपर्यंत जमलं तर ठीक. नाही जमलं, तर रेकॉर्ड लावू. रेकॉर्ड तुमच्यापैकी कुणाकडे बघत तरी नाही."

बाई गेल्या. दोन हात पट्ट्यांवर गप्प पडून राहिले.

"रेकॉर्ड लागली, तर तुम्ही काय कराल?" मी विचारलं.

"दादा बोलावतोय. त्याचं गावाकडे हार्डवेअरचं दुकान आहे, खिळे मोजायला घरचं माणूस हवंय म्हणतो. इथे वाजवायला काही नसेल, तर इथली खोली ठेवायची कशाला? पियानोही घरमालकांचा आहे."

"पण परत याल ना? सगळं उघडल्यावर?"

"दादाच्या दुकानात शिरलेला माणूस परत येत नाही. वहिनीला विचारा."

तो हसला. मला हसू आलं नाही. का, हे मला त्याच क्षणी कळलं. रोज सकाळी मी केस इतके नीट बांधत होते, ते आजोबांसाठी नव्हतं.

त्यानंतर आम्ही दोघं इतके जपून वागलो की सगळं आणखी बिघडलं. तो जाऊ नये म्हणून मी कान टवकारून त्याचा सूर ऐकायचे. मी चुकू नये म्हणून तो डोळ्यांत तेल घालून माझे पाय बघायचा. चाल आधीपेक्षाही लवकर बंद पडायची.

शुक्रवारी संध्याकाळी मी त्याला फोन केला. बाहेर भुरभुर पाऊस होता. खिडकीशी उभी राहून मी आधी त्याच्या वहिनीची, मग उगाच हवेची चौकशी केली. मग म्हटलं,

"आजोबांचं बरोबर आहे. कुणीतरी आधी निघायला हवं. उद्या मी निघते. तुमचा सूर ऐकू यायच्या आधीच. दोन आठवडे तुमच्याच सुरांवर उड्या मारल्यात, पुढचा कुठे येणार हे माझ्या पायांना कळतं."

"आणि मी?"

"तुम्ही माझ्याकडे बघायचंच नाही. आजी-आजोबांकडे बघा. ते निघाले की निघा, ते डगमगले तर थांबा. माझ्यासाठी थांबायचं नाही."



"अवघड आहे," तो म्हणाला.

"थांबायचं नाही, ते?"

"नाही. बघायचं नाही, ते."

पाऊस जरा वाढला असावा. निदान मला तरी पुढचं काही ऐकू आलं नाही.

शनिवारी वर्ग भरला. बाई एका चौकोनात हाताची घडी घालून बसल्या होत्या. मागे आई चहा विसरून उभी होती.

"एक विचारू?" सुरुवातीलाच मी त्याला म्हटलं. "बघत नाही आहात ना?"

"नाही. पडद्यावर तुमच्या चौकोनावर कागद चिकटवलाय," हात म्हणाले. "नाहीतर नजर तिकडेच जाते."

कपाळवाल्या आजींचं कपाळ क्षणभर वर झालं. मी तिकडे लक्ष न देता खांदे उचलले, श्वास घेतला… आणि निघाले.

आधी अगदी पोरकं वाटलं. पाय हवेत आणि कानात काहीच नाही. वाटलं, तो निघालाच नसेल तर? मागे वळून बघावं, थांबावं… पण मी थांबले नाही. आणि सूर आला. पाठोपाठ दुसरा. माझ्या मागून, पण चालीत, न घुटमळता. मी दुसरी टाच उचलली. तो येतोय की नाही हे बघायची मला आता गरजच नव्हती.

समोर सगळ्या खुर्च्या एका लयीत वर-खाली होत होत्या. एकदा आजोबा डगमगले. त्याने सूर धरून ठेवला, मीही पाय धरून ठेवला, आणि आजोबा सावरले. शेवटी सगळे एका पायावर उभे राहिले. आजोबांनी नाक खाजवलं. ज्या हाताने खाजवलं, तो खुर्चीवरचा हात होता.

"आजोबा," मी म्हटलं, "खुर्ची कुठे आहे?"

त्यांनी खाली पाहिलं. खुर्ची बाजूला, दोन्ही हात मोकळे, आणि ते एका पायावर उभे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते म्हणाले, "रस्ता मोकळा झाला हो!"

"पियानो राहील," बाई एवढंच म्हणाल्या, पण घाईघाईने चष्मा पुसत. एकेक चौकोन विझत गेला.

राहिलो आम्ही दोघं. तो खिळे मोजायला जाणार नव्हता. खरंतर आता सगळी काळजी मिटली होती. तरी दोन हात पट्ट्यांवर तसेच होते आणि मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होते. तो काही बोलेना. मी काही बोलेना. त्याने बोलावं म्हणून मी थांबले होते, आणि नक्कीच मी बोलावं म्हणून तो थांबला होता…

अगं बाई, परत तेच! हीसुद्धा चाल अशीच हळू होत होत एक दिवस बंद पडेल.

मी श्वास घेतला आणि निघाले.

"जाऊ नकोस. दुकान, दादा, कशाहीसाठी नको. मला तू आवडतोस."

मी 'जाऊ नकोस' म्हणते न म्हणते, तोच माझ्या बोलण्यावर त्याचा आवाज येऊन आदळला —

"मला तू फार आवडतेस, आणि हे पियानोवर वाजवून सांगता येत नाही…"

 मी पडद्याजवळ वाकले.

"माझं ऐकून बोललास?" मी विचारलं.

"तुझं? तू… तुझं तर मला आत्ता ऐकू आलं. माझं बोलणं सुरू झाल्यावर."

"मग मी श्वास घेतला, ते बघून?"

"कसं बघणार? कागद अजून तसाच आहे."

त्याने मला पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. माझे शब्द त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच त्याचे तिकडून निघालेले होते.

"पोरांनो," कुठूनतरी आवाज आला. खालच्या कोपऱ्यात एक कपाळ होतं. आजींना वर्गातून बाहेर पडता येत नाही, रोज आम्हीच त्यांना बाहेर काढतो, हे आम्ही साफ विसरलो होतो. "तुमचं झालं असेल तर मी खुर्ची सोडू का?"

"सोडा, आजी, सोडा!" आम्ही एकदमच म्हणालो.

मागे आई हसता हसता खाली बसली. मी तिच्याकडे वळले नाही.

"आता काढ तो कागद," मी म्हटलं.

कागद टरकन निघाल्याचा आवाज आला. मग हात कॅमेऱ्याकडे आले, पट्ट्या तिरक्या झाल्या, छत दिसलं, आणि शेवटचा हप्ता मला मिळाला. नाक जरा मोठं होतं. मला चाललं.