तिला लगेच सापडायचं

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण आदेश माझा सख्खा मावसभाऊ आहे आणि त्याला थापा मारता येत नाहीत. हे घडलं आळेफाट्याला, एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. तेही रात्री नाही... भर दुपारी. अंगारकी होती. बाकी सगळे ओझरला दर्शनाला गेलेले. ऑफिसात फक्त आदेश आणि स्नेहल.

दोघांचा साखरपुडा झालेला. तरी आदेश आतून जळत होता.

तोही एका मेलेल्या माणसावर.

सुदर्शन आधी तिथेच कामाला होता. त्याने शोधायचा एक प्रोग्राम बनवला होता. काळ्या स्क्रीनवर ट्रकचा नंबर टाइप करायचा, एंटर दाबायचं, की नोंदींच्या लाखो ओळींतून नेमकी ओळ समोर. गेल्या वर्षी कावीळ होऊन तो गेला. अख्ख्या ऑफिसला भाऊ म्हणणारी स्नेहल त्याला मात्र नुसतं सुदर्शन म्हणायची. आदेशला ते कुसळासारखं टोचायचं.

म्हणून त्याने स्वतःचा नवा प्रोग्राम लिहिला. सुदर्शनच्या प्रोग्राममधली एक ओळही घेतली नाही.

आणि तो नवा प्रोग्राम रखडायला लागला...

"सुदर्शनचं लई झटपट व्हतं," स्नेहल सहज बोलून गेली.

झालं! आदेशच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने अँटीव्हायरस बंद केला. नेटवर्कवरच्या फाइली त्याच कॉम्प्युटरवर आणल्या. तरी तेच. मग कुठे किती वेळ जातोय, ते प्रत्येक टप्प्याला स्क्रीनवर छापायला लावलं.

फाइली भराभर वाचल्या जात होत्या. ओळही लगेच सापडत होती...

सापडल्यावर अडत होती.

कुणीतरी ती मुठीत धरून बसल्यासारखी.

"सरका, मी बघते," स्नेहल म्हणाली.

तोच नंबर, तोच कॉम्प्युटर. ओळ पटकन आली.

आदेशने पुन्हा टाइप केलं. बाहेर नाशिकच्या गाडीचा हॉर्न वाजला, गाडी निघूनही गेली... स्क्रीन कोरीच.

"तू काय वेगळं करतीस?" तो जवळजवळ ओरडलाच.

"मी काय करणार? तुमीच बघताय न्हवं?"

ती पुन्हा बसली. नंबर टाइप केला. बोट एंटरकडे नेलं...

बोट अजून टेकलंही नव्हतं.

ओळ आली.

त्याच क्षणी पंख्याचा आवाज बंद झाला. पंखा फिरतच होता... आवाज तेवढा नव्हता. आणि त्या शांततेत शेजारची रिकामी खुर्ची कुरकुरली. कुणी अंमळ जवळ सरकून बसावं तशी.

आदेशने स्नेहलकडे पाहिलं. आता ती किंचाळेल, उठेल, आपला हात धरेल...

ती घाबरली नव्हती.

ती लाजली होती.

माघात दोघांचं लग्न झालं. आदेशने ती नोकरी कधीच सोडली.

स्नेहल मात्र सोडायला तयार नाही.