मेजरची फुली

रविवारच्या सभेत वडिलांबद्दल चार शब्द बोलायचे होते, म्हणून त्यांचा गणवेशातला फोटो आणायला थोरली दुपारी माहेरी निघाली. जमलं तर आईलाही घेऊन यायचं, हा खरा हेतू. बाबांना जाऊन महिना झाला होता आणि आई त्या घरात एकटीच राहत होती.

बाबा सैन्यात अभियंते. पूल बांधायचे आणि जमिनीत पेरलेले सुरुंग काढायचे, हे काम. बाहेर मेजर म्हणून दरारा. घरात मात्र मुलींच्या वेण्या घालणारा आणि त्या वाकड्या झाल्या की ओशाळणारा माणूस. बदली झाली की नव्या घरात आधी ते एकटेच शिरत. बायको-मुली सामानासकट दाराबाहेर ताटकळत. आत ते वायरी, जिने, खिडक्या तपासत आणि जिथे धोका तिथे खडूने फुली मारत. फुलीला हात लावायचा नाही, हा घरातला एकमेव कायदा. संध्याकाळपर्यंत सगळं दुरुस्त करून ते फुल्या पुसून टाकत. फुली येणाऱ्याच्या तोंडासमोर हवी, पाठीमागे मारून काय उपयोग, असं ते नेहमी म्हणत. शेजारणी हसायच्या खऱ्या, पण अकरा घरं बदलून झाली आणि पोरींना साधा चटका बसला नाही.

माहेरचं दार सताड उघडं होतं. थोरलीने आत पाऊल टाकलं आणि ती जागीच थबकली. फरशीवर, कपाटावर, खुर्च्यांवर, जिथे पाहावं तिथे फुल्या. मधून पलंगापर्यंत जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट मोकळी होती. पलंगावर आई बसली होती. कुठून तरी ओल्या मातीचा वास येत होता.

आई अगदी सहज सांगू लागली. पहिली फुली गिझरवर उमटली. इलेक्ट्रिशियनने उघडून पाहिलं तर आत वायर जळलेली. मग जिन्याची तिसरी पायरी, तर ती आतून पोखरलेली. जीव अजून आपल्यातच अडकलाय त्यांचा, असं म्हणताना आई नव्या नवरीसारखी लाजली.

थोरलीला वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलं आणि हीच खडू घेऊन बसते. पण प्रत्येक फुलीची दुसरी रेघ मध्येच तुटलेली होती. बाबांची दोन बोटं एका स्फोटात गेली होती आणि खडू त्यांच्या हातून नेमका तिथेच निसटायचा. तिच्या अंगावर काटा आला आणि पाठोपाठ डोळेही भरून आले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यांची तर मेल्यावरही गेली नव्हती.

"आई, माझ्याकडे चल."

"कशी येऊ? दारावर फुली आहे ना. शेजारीण सांगत होती. बाहेर पडू नको म्हणतायत ते..."

थोरलीने दार बाहेरच्या भिंतीपासून ओढलं. आतली बाजू कोरी होती. बाहेरच्या बाजूला मात्र माणसाएवढी मोठी फुली होती.

"अगं, ही बाहेरून आहे. आत येणाऱ्यासाठी. धोका या घरात आहे, आई. हिला इथून काढ, असं सांगतायत ते मला."

मेजरच्या मुलीला यात तिळमात्र शंका नव्हती. आईलाही ते पटलं असावं. लेकीच्या पावलावर पाऊल ठेवत ती त्या अरुंद वाटेने बाहेर आली. गडबडीत फोटो तेवढा घ्यायचा राहिला.

थोरलीचा नवरा कामानिमित्त परगावी होता. घरात ती आणि तिची सहा वर्षांची चिमणी. आजी आली म्हणून पोरगी हरखून गेली आणि दोघींच्या गोष्टी काही संपेनात. रविवारी सकाळी गुडघे दुखतात म्हणून आई सभेला आली नाही आणि चिमणीही आजीजवळच राहिली. थोरली सभेत भरभरून बोलली. जिथे बाबा आधी गेले नाहीत तिथे आम्हाला त्यांनी कधी पाऊल टाकू दिलं नाही, असं ती म्हणाली तेव्हा जुने शिपाई डोळे पुसत होते. बऱ्याच दिवसांनी तिला हलकं वाटलं.

भर दुपारी ती घरी परतली. तिच्या स्वतःच्या दारावर, बाहेरच्या बाजूने, फुली होती. दुसरी रेघ मध्येच तुटलेली.

धोका त्या घरात नव्हताच. त्या घरात जे होतं, त्याला तिने स्वतः हात धरून इथे आणलं होतं.

"चिमणे..."

तिने दार ठोठावलं.

"आई...?"

पलंग करकरला. मग अनवाणी पावलं वाजली, कडी निघाली आणि चिमणी बाहेर आली. धडधाकट, केस विस्कटलेले. थोरलीचा जीव भांड्यात पडला.

"आजी उठतच नाही," चिमणी म्हणाली. "माझ्या कानात काहीतरी म्हणाली... आणि झोपली." ती आत बोट दाखवायला वळली. फ्रॉकच्या पाठीवर पांढरी फुली होती.

थोरली नकळत एक पाऊल मागे सरली. आणि स्वतःच्याच पोटच्या पोरीला आपण घाबरलो, या लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, घे ना." चिमणीने दोन्ही हात वर केले होते.

उभ्या जन्मात न मोडलेला कायदा थोरलीने मोडला. तिने पोरीला उचललं आणि घट्ट छातीशी धरलं. पोर बर्फासारखी गार होती आणि तिच्या केसांना तोच ओल्या मातीचा वास येत होता. मान तिच्या खांद्यावर टाकून ती कुजबुजली,

"आजोबा खूप रडत होते गं... सारखे पुसायला बघत होते माझी पाठ. पुसलंच जात नव्हतं त्यांच्याकडून."