जुन्या लॅपटॉपसाठी वाण

मिरजेच्या मेंदू संशोधन केंद्रात तळमजल्यावर जुन्या यंत्रांची खोली होती. तिथल्या टेबलावर केंद्राची तंत्रज्ञ ईश्वरी आवटी हिने एक लॅपटॉप उघडून ठेवला होता. त्याच्या एका बिजागरीला चिकटपट्टी लावलेली होती आणि कळफलकाच्या फटींत लाकडाचा भुसा साचला होता. लॅपटॉप श्रीपाल मगदूम यांचा होता. काम चालू असेपर्यंत त्यांना समोरच्या खुर्चीतच बसून राहावे लागणार होते, कारण त्यांच्या गेल्या नऊ वर्षांच्या सगळ्या आठवणी त्या लॅपटॉपमध्ये होत्या.

श्रीपाल तंबोरे बनवत. नऊ वर्षांपूर्वी मेंदूज्वर झाला आणि नवे काही लक्षात ठेवण्याची त्यांची क्षमता गेली. आजाराआधीचे सगळे शाबूत होते. नंतरचे काहीच टिकेना. तेव्हा नुकतीच निघालेली स्मृतिपट्टी त्यांच्या कवटीखाली बसवण्यात आली. पट्टी मेंदूतले संकेत लॅपटॉपकडे पाठवी, लॅपटॉप ते साठवी आणि गरज पडेल तेव्हा परत देई. लॅपटॉप खांद्याच्या पिशवीत असे. पुढच्या पिढीची उपकरणे काडेपेटीएवढी झाली, पण जुन्या पट्टीशी ती जुळत नव्हती, आणि पट्टी बदलायला पुन्हा कवटी उघडणे धोक्याचे होते.

आता पट्टी बनवणारी कंपनीच बंद होत होती. महिनाअखेरीस तिची प्रणाली चालायची थांबणार होती. त्याआधी या लॅपटॉपवर दुसरी प्रणाली बसवायची होती, म्हणजे लिनक्स. लिनक्सवर कुणा एकाची मालकी नाही. निरनिराळ्या गटांनी आपापल्या गरजेप्रमाणे तिची रूपे तयार केली होती. केंद्रात त्या रूपांना वाण म्हणत, जोंधळ्याचे असते तसे.

ईश्वरीने बरीच वाणे तपासून बाजूला टाकली होती. काहींत पानभर आज्ञा हाताने टंकाव्या लागत. लॅपटॉप सांभाळणार होत्या श्रीपालच्या पत्नी सन्मती, आणि त्यांना मोबाइलवर फोटो पाठवण्यापलीकडे काही येत नव्हते. त्यांच्यासाठी वाण असे हवे होते की बटण दाबले की ते काही न विचारता आपले आपण सुरू व्हावे.

“म्हणजे उरली दोनच,” डॉक्टर घोरपडे म्हणाले. स्मृतिपट्टी त्यांनीच बसवली होती.

“दोनच, सर. पारवा आणि मोहोर. दोन्ही नवख्या माणसाला झेपतील अशी आहेत. पारवा या लॅपटॉपवर सहज चालेल, अजून दहाएक वर्षं. पण त्यात भावछटा नाही.”

“आत्ता तरी कुठं आहे?” सन्मती म्हणाल्या.

भावछटा म्हणजे काय ते डॉक्टरांनी त्यांना पूर्वीही सांगितले होते, पुन्हा सांगितले. घटना साठवायला जागा थोडी लागते. ती घडताना काय वाटले ते साठवायला कितीतरी अधिक. चार वर्षांपूर्वी लॅपटॉप भरत आला, तेव्हा कंपनीने एका अपडेटमध्ये भावछटा बंद करून टाकली. जुन्या लॅपटॉपचा वेग वाढवायला आपण पडद्यावरची सजावट बंद करतो, तसे. तेव्हापासून मेंदूने काही विचारले की लॅपटॉप कोरडे उत्तर देत राहिला, आणि हळूहळू काय वाटते ते मेंदूने विचारणेच सोडले.

बदल एका दिवसात झाला नव्हता, त्यामुळे तो सन्मतींना उशिरा कळला. सासूबाई वारल्या तेव्हा श्रीपालनी सगळे विधी नीट केले, घरी येऊन हातपाय धुतले आणि दळण आणायचे आहे का, असे विचारले. लोक म्हणाले, धीराचा माणूस.

“आणि मोहोर?” डॉक्टरांनी विचारले.

“त्यात भावछटा आहे. पण या यंत्राला ते पेलणार नाही. साठा वाढला की अडकत जाईल. कुणी हाक मारली तर मिनिटभरानं ओ येईल. पुढं पुढं येणारही नाही.”

श्रीपाल ऐकत होते. त्यांना काय वाटते असे ईश्वरीने विचारले, तेव्हा त्यांनी खरोखरच विचार केला.

“मला फरक पडत नाही. हिला विचारा. हिला पडतो.”

सन्मतींनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि सोडवले. त्या म्हणाल्या, “मला एकदा बघायचंय. त्या मोहोरमध्ये.”

बघता येणार होते. लिनक्सचे वाण न बसवताही पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. अशा वेळी ते तात्पुरत्या स्मृतीत राहते आणि साठ्याला हात लावत नाही. काहीच साठवायचे नसल्यामुळे या जुन्या लॅपटॉपवरही मोहोर सुरळीत चालणार होते. ईश्वरीने सन्मतींना तीन गोष्टी बजावल्या: जुना साठा तेवढा वेळ बंद राहील, त्यामुळे श्रीपालना आजारानंतरचे काही आठवणार नाही. ते आत्ता जे बघतील ते लॅपटॉप बंद होताच पुसले जाईल. आणि ते छान दिसतील ते काही साठवायचे नसल्यामुळेच दिसतील. बसवलेले मोहोर असे चालणार नाही.

सन्मतींनी मान हलवली. त्यांनी घरून एक तंबोरा आणला होता आणि कानशींची पिशवी.

ईश्वरीने पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप बंद-चालू केला. मधल्या वेळात पट्टीला उत्तर देणारे कुणी नव्हते. आपण कुठे आलो आहोत, असे श्रीपालनी विचारले. सन्मतींनी सांगितले. त्यांनी पुन्हा तेच विचारले. मग पडद्यावर मोहोरचे चित्र आले, आणि श्रीपाल सन्मतींकडे बघून थांबले.

“काय गं, एवढे केस कधी पिकवलेस? मी काय नुसता झोपून होतो?”

सन्मती हसल्या. त्यांचा चेहरा त्या हसण्याला तयार नसावा. हसू आधी अर्धवट आले आणि मग पूर्ण उमटले. त्यांनी थोडक्यात सगळे सांगितले: आजार, पट्टी, नऊ वर्षे. सासूबाईंचेही सांगितले. श्रीपाल रडले. डॉक्टर खिडकीशी जाऊन उभे राहिले. ईश्वरी पडद्यावरचे आकडे बघत होती. आकडे व्यवस्थित होते.

बऱ्याच वेळाने श्रीपालनी तंबोरा मांडीशी घेतला आणि तार छेडली. त्यांचे तोंड कडू झाले.

“जवारी कुणी केली ही? सूर बरोबर आहे, पण आस नाही. टेबल वाजवल्यासारखं वाटतंय. कुठल्या शिकाऊ पोराकडं दिलीस?”

सन्मतींनी कानशींची पिशवी पुढे केली. ती जवारी श्रीपालनीच गेल्या आठवड्यात केली होती. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीने किंचित उतरता घासतात, म्हणजे तार तिथे ओझरती टेकते आणि सुराला गुंजन येते. तीच जवारी. ती मोजून होत नाही. घासायचे, ऐकायचे, पुन्हा घासायचे.

ते घासत बसले. अधूनमधून सन्मतींना तारेखाली सरकवायचा धागा धरायला सांगत, नीट धरला नाही की चिडवत. तासाभराने त्यांनी चारही तारा छेडल्या आणि जुन्या यंत्रांची खोली त्या आवाजाने भरून गेली. शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेले.

मग त्यांनी ईश्वरीला विचारले, “पोरी, हे बंद केलं की मी जाणार?”

“तुम्ही असाल. ही दुपार नसेल.”

“आणि तो नेहमीचा, तो हिला बघतो का नीट?”

उत्तर सन्मतींनी दिले. “बघतात. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा एक गोळी चुकवली नाही. रात्री उठून पाणी द्यायचे.”

“आई गेली ते त्याला आठवतं?”

“सगळं आठवतं. कोण कोण आलं होतं तेसुद्धा.”

श्रीपालनी कानस पुसून पिशवीत ठेवली. “मग त्यालाच ठेव. आईला पोचवलं त्यानं. तुझी आजारपणं काढली त्यानं. मी काय, पाहुणा.”

पारवा बसवले गेले. जुना साठा त्यात नीट उतरला. श्रीपालनी डोळे उघडले, सन्मतींच्या हातातली पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि रिक्षा बघतो म्हणाले. निघताना सन्मतींनी मोहोरचा पेनड्राइव्ह मागितला. तो द्यायला नको, असे डॉक्टरांचे मत होते. ईश्वरीने दिला. द्यायला हवा असे तिला वाटले होते असेही नाही; नाही म्हणायला कारण सापडले नाही.

पावसाळा संपता संपता श्रीपाल एकटेच तपासणीला आले. ईश्वरीने लॅपटॉप तपासला. पारवा उत्तम चालत होते. फक्त दर रविवारी दुपारी काही तास साठ्यात काहीच नव्हते.

“वहिनी पेनड्राइव्ह लावतात वाटतं,” ती म्हणाली.

“नाही. तिनं एकदाही लावला नाही. डब्यात ठेवून दिला होता. मी लावतो.”

ईश्वरीने हात थांबवला.

श्रीपाल सांगत गेले, दुकानातला माल सांगावा तसे. त्या दिवशी इथे काय झाले ते सन्मतीने त्यांना सांगितले होते. सांगताना ती बराच वेळ बोलत होती. एरवी ती इतके बोलत नाही. म्हणून रविवारी जेवण झाले की ते पेनड्राइव्ह लावतात आणि लॅपटॉप बंद-चालू करतात. मधल्या वेळात आपण काय करत होतो तेच त्यांच्या लक्षात राहत नाही, पण त्याने अडत नाही. मोहोर काही विचारत नाही. आपले आपण सुरू होते.

ते शक्य होते, हे ईश्वरीला कळले. मोहोरने एक जरी प्रश्न विचारला असता तरी हे शक्य झाले नसते. नवख्या माणसासाठी म्हणून तिने ते निवडले होते.

“आणि परत?”

“परत ती आणते. दिवेलागणीला पेनड्राइव्ह काढते. मी भानावर येतो तेव्हा तंबोऱ्याची जवारी बदललेली असते. गिऱ्हाइकं हल्ली तीच मागतात. ती रडलेली असते, पण जेवते चांगली. सोमवारी गुणगुणते. हे तिच्यासाठी बरं आहे की वाईट, मला कळत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारतो.”

ईश्वरीने विचारले, “तुम्ही का करता?”

“आवडत्या माणसासाठी असं काहीतरी करायचं असतं, एवढं आठवतंय.”

ते तक्रार करत नव्हते. त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. त्याचे टोक झिजले होते.

“याची एक जास्तीची प्रत करून द्या. हा बिघडला तर मला काही वाटणार नाही. म्हणूनच आत्ता सांगतोय.”

ईश्वरीने नवा पेनड्राइव्ह लावला. प्रत होऊ लागली. श्रीपाल गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले, आणि दोघेही पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकताना बघत राहिले.