कान कापलेलं पातेलं

घ्या! तासभर झाला, तुमचा अजून तोच वाद चाललाय. टायटॅनियम की ॲल्युमिनियम. अरे, पातेलं निवडताय की जावई? ठेवा तो काटा खाली. पहाटे निघायचंय, बॅगा अजून आ वासून पडल्यात, आणि हा दीडशहाणा चमच्याचं वजन करत बसलाय.

मला विचाराल तर ॲल्युमिनियम घ्या. स्वस्त असतं, आच सगळीकडे सारखी लागते, पोचे पडले तर पडू देत. टायटॅनियम हलकं खरं, पण ते नुसतं पाणी उकळायला. त्यात भात टाकलात तर खाली कोळसा आणि वर कच्चा. उभट घेऊ नका, पसरट घ्या. आणि झाकण घरी ठेवून वजन वाचवणारा कुणी असेल तर त्याच्या कानाखाली माझ्याकडून एक द्या. बिनझाकणाचं पातेलं गॅस पिऊन टाकतं.

झालं माझं शास्त्र. पण काय रे, स्टोव्ह हिच्या बॅगेत आणि पातेलं तुझ्या बॅगेत, हे कुणाचं डोकं? तुझं? वाटलंच.

तो मोठा दिवा घालवा. कोपऱ्यातला पुरे. बसा सगळे इथं. आधी हे ऐका आणि मग काय ती वाटणी करा.

माझं बॅगा शिवायचं दुकान होतं, तुम्हाला माहीत आहे, झोपायचोही तिथंच. त्याला लागून भिंतीपलीकडे डोंगरात जाणाऱ्यांच्या सामानाचं दुकान. तंबू, दोर, बूट, भांडी, सगळं विकायचं आणि भाड्यानंही द्यायचं. वरच्या मजल्यावर मालकाचं घर. आम्ही त्याला ग्रॅमशेठ म्हणायचो. गल्ल्याशेजारी काटा, आणि दिसेल ती वस्तू आधी काट्यावर. गिऱ्हाइकाच्या बॅगेतून साबणाची वडी काढून अर्धी कापून परत द्यायचा. मी म्हणायचो, "शेठ, दात कोरून पोट भरत नाही." तर म्हणायचा, "खिंड चढताना कळेल तुला." मी कशाला मरायला चढतोय खिंड!

त्याचा एक मंत्र होता. दोघांत एक स्टोव्ह, एक पातेलं. स्टोव्ह एकाकडे, पातेलं दुसऱ्याकडे. दोघांच्या पाठीवर सारखं वजन. शेकडो पोरांना त्यानं हेच शिकवलं, स्वतःच्या मुलीलासुद्धा.

एका वर्षी तो आणि त्याचा मेहुणा, म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ, बर्फातली खिंड ओलांडायला गेले. जायच्या आदल्या दिवशी शेठनं नवंकोरं टायटॅनियमचं पातेलं शिकंज्यात धरलं आणि करवतीनं त्याचे दोन्ही कान कापले. का, तर वजन! वर कानस मारून गुळगुळीत केलं. दोन बाजूंना दोन खुंट तेवढे राहिले. मेहुणा उंच, दणकट माणूस, पण गुडघा दुखरा. तो हसत म्हणाला, "भाऊजी, उद्या माझे कान कापाल." पातेलं त्याच्या बॅगेत गेलं, स्टोव्ह आणि गॅस शेठच्या.

वाटेत धुकं उतरलं. मेहुणा मागं पडायला लागला. शेठला चालण्याची घाई. तो म्हणाला, "मी पुढं होतो, जागा धरतो, तू ये सावकाश." आणि गेला. त्या रात्री बर्फ सुरू झाला आणि दोन दिवस थांबला नाही. शेठ खालच्या आडोशाला, त्याच्याकडे स्टोव्ह. पत्र्याच्या मगात बर्फ वितळवून गरम पाणी पीत बसला होता. परत वर गेला नाही. जाता येत नव्हतं म्हणायचा. असेलही.

बर्फ थांबल्यावर मेहुणा शेठला सापडला तेव्हा संपला होता. चहूकडे बर्फ आणि प्यायला घोटभर पाणी नाही. त्यानं पातेल्यात बर्फ दाबून भरला होता आणि ते शर्टाच्या आत पोटाशी धरलं होतं. अंगाच्या उबेनं वितळेल म्हणून.

वहिनींना शेठनं काय सांगितलं? म्हणे स्टोव्ह दोघांकडे होते, त्याचा सगळ्या सामानाबरोबर दरीत गेला. त्या माउलीनं विश्वास ठेवला. आणि पातेलं? ते ह्यानं गुपचूप आणलं, घासलं, आणि भाड्याच्या फळीवर सगळ्यात मागं ठेवून दिलं. मला म्हणाला, "टायटॅनियम आहे, त्याला काय होतंय!" असा माणूस.

चार-पाच वर्षं गेली. मुलगी कॉलेजात गेली, मामासारखी उंच झाली नाही पण डोंगराचं वेड त्याचंच. मामानंच तिला लहानपणी बोट धरून टेकड्या चढवल्या होत्या. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं त्याच खिंडीत जायचं ठरवलं. शेठ त्या दिवशी माल आणायला बाहेरगावी. मुलीनं फळीवरचं एकेक पातेलं काट्यावर ठेवलं, बापानं शिकवलं तसं, आणि सगळ्यात हलकं निवडलं. स्टोव्ह मैत्रिणीकडे. पातेलं हिच्याकडे.

कुठलं पातेलं ते सांगायला नको.

एप्रिलमधला शनिवार होता. अमावस्या-बिमावस्या काही नाही, उलट चांगलं चांदणं होतं आणि उकाडा असा की पंख्याखालीही घाम. शेठ रात्री उशिरा परतला. जेवताना मुलगी कौतुकानं म्हणाली, "बाबा, मागच्या फळीवर कान कापलेलं एक सापडलं. पिसासारखं हलकं आहे. तुम्ही लपवून का ठेवलं होतं?"

शेठनं हातातला घास ताटात ठेवला. वहिनी समोर बसलेल्या. तो म्हणाला, "ते चिरलंय गं, दुसरं घे." ती म्हणाली, "मी बघितलंय नीट. मस्त आहे." बापाचीच लेक, पालथ्या घड्यावर पाणी. पहाटे साडेपाचला मैत्रीण न्यायला येणार होती.

म्हणून सगळे झोपल्यावर, पावणेदोनला, शेठ उठला. काम साधं होतं. खाली दुकानात जायचं, मुलीच्या बॅगेतून ते पातेलं काढायचं, तसलंच दुसरं घालायचं. सकाळी बोलायला नको, वहिनींपुढे उलगडा करायला नको. पोरगी सुखरूप जाईल, सुखरूप येईल. इतकंच त्याला हवं होतं. पुढचं सगळं त्यानं मला स्वतः सांगितलं, त्याच पहाटे, माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून. मी तुम्हाला तसंच सांगतोय, पदरचं काही घालत नाही.

घरातल्या जिन्यानं तो खाली उतरला. दुकानात पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला. वर उकाडा होता. खाली थंडी. पाय टेकवेना इतकी फरशी गार. त्याला वाटलं, शटर उघडं राहिलं. शटर बंद होतं, आतून कुलूप.

मुलीची बॅग शटरपाशी भिंतीला टेकून उभी होती. त्यानं बॅगेचं तोंड सोडलं. कपडे काढले, झोपायची पिशवी काढली. तळाशी कापडी थैलीत पातेलं. हात घातला... आणि उचलता येईना.

दोन्ही हात लावले. मग निघालं. भरल्या बादलीसारखं जड.

आता दुसरा कुणी असता तर त्यानं काय केलं असतं? तिथंच टाकून बोंब मारत वर पळाला असता. मीही तेच केलं असतं, लाज कसली! पण हा पडला ग्रॅमशेठ. त्यानं पातेलं नेलं आणि काट्यावर ठेवलं.

आकडा चढायला लागला.

थांबेना. हात लावलेला नाही, काही नाही, आणि आकडा चढतोय. जसं काही कुणी वरून तळवा टेकवतंय. हळूहळू. सगळं अंग टाकतंय. काटा आपला आकडे दाखवत राहिला आणि मग नुसत्या रेघा दाखवायला लागला.

शेठनं थैलीची नाडी ओढली. आत बर्फ. काठोकाठ. दाबून भरलेला. त्याच्यावर बोटांचे ओरखडे.

त्यानं पातेलं पालथं केलं. बर्फ पडला नाही. ठोकलं. नाही पडला.

तेव्हा मागून, तंबूंच्या थप्पीकडून, आवाज आला. कोरडा. जीभ टाळूला चिकटलेल्या माणसाचा.

"स्टोव्ह..."

शेठ वळला नाही. मला म्हणाला, वळायची छातीच झाली नाही. समोरच्या फळीवरून त्यानं स्टोव्ह घेतला. गॅसची डबी लावताना आटे बसेनात. बसले. काडी ओढली. निळी ज्योत लागली. त्यानं पातेलं वर ठेवलं.

"घे," तो म्हणाला, "घे रे बाबा. तापवतो. पाणी देतो तुला."

ज्योत होती. आच नव्हती. बर्फ तसाच. फक्त थंडी वाढली. शेठच्या तोंडातून वाफ निघायला लागली, एप्रिलमध्ये. आणि घसा... घसा असा सुकला की थुंकी गिळता येईना. त्यानं पाण्याची बाटली तोंडाला लावली. बाटली भरलेली. तोंडात थेंब येईना.

मागून कुणीतरी एक पाऊल टाकलं. एक पाय नीट पडत होता. दुसरा ओढला जात होता.

"पातेलं तिच्याकडे..." आवाज म्हणाला. "स्टोव्ह दुसरीकडे. हो ना, भाऊजी?"

"तिला सोड," शेठ म्हणाला. आवाज फुटत नव्हता, नुसता वारा. "माझी चूक. पोरीचं काय चुकलं? मला ने. मी येतो तुझ्याबरोबर. आत्ता येतो."

ज्योत गप्प. काटा गप्प. बाहेर रस्त्यावर एक कुत्रं नाही.

मग अगदी कानाशी...

"तुम्ही नको. तुम्ही फार भरभर चालता."

आणि पावलं जिन्याकडे वळली. एक पाऊल. मग ओढल्याचा आवाज. एक पायरी. ओढल्याचा आवाज. वर. मुलगी झोपली होती तिकडे.

शेठ त्यांच्यामागं निघाला. उभं राहता येईना. तो गुडघ्यांवर गेला रे, हातांवर, एकेक पायरी, जनावरासारखा. पुढच्या पायऱ्या ओल्या होत्या. आणि तो जितका घाई करी तितका जिना लांब होई. वरून मुलीच्या खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही...

तो पोचला. दार अर्धं उघडं. पंखा फिरत होता. मुलगी कुशीवर झोपलेली. एकटी. उकाडा होता. त्यानं तिला गदागदा हलवून उठवलं आणि बोलायला लागला. सगळं सांगितलं. धुकं, गुडघा, "मी पुढं होतो" म्हणाला होता ते, मगातलं गरम पाणी, फळीवर ठेवलेलं पातेलं, सगळं. "जाऊ नकोस, बाळ. तुझ्या पाया पडतो, जाऊ नकोस."

मुलगी रडायला लागली. मग त्याला कळलं की दारात वहिनी उभ्या आहेत. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या, "दोन दिवस तू गरम पाणी पीत होतास?" आयुष्यात नवऱ्याला अरे-तुरे न करणारी बाई. त्यानंतर ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. आजतागायत नाही. एका घरात राहतात.

मुलगी गेली नाही. मैत्रिणीला फोन करून तिनं "येत नाही" म्हणून सांगितलं, आणि तिलाही जाऊ दिलं नाही. डोंगर सुटला तो सुटलाच. म्हणजे पोर वाचली, असं म्हणायचं.

म्हणायचं...

काय? पातेल्याचं काय झालं? शेठ पहाटे माझ्याकडे आला, मला घेऊन दुकानात गेला. मी पाहिलं. रिकामं होतं, कोरडं ठणठणीत, काट्यावर त्याचं नेहमीचं वजन. मी ते ठेचून भंगारात घातलं. ते सोडा.

मी बॅग बघितली. माझीच शिवलेली, त्या मुलीच्या मापाची. रात्री शेठनं जमिनीवर उपसलेलं सामान सगळं परत आत भरलेलं होतं, शिस्तीत, आणि तोंड आवळून बांधलेलं. शेठ म्हणाला, मी नाही भरलं. मुलगी खाली उतरलीच नव्हती, वहिनीही नाही. कुलूप आतून.

खांद्याचे पट्टे टोकापर्यंत सैल सोडलेले होते. ती बॅग तशी त्या मुलीनं घातली असती तर गुडघ्यावर आपटली असती. उंच माणसाच्या मापाचे.

मी बॅग उचलून कडेला ठेवायला गेलो. पाठीला टेकते ती बाजू घामानं चिंब भिजली होती. हात लावला...

गरम होती.