थोरलीचे तीन कप्पे

मुख्याध्यापिकांचा फोन आला तेव्हा तपासनीसबाई जेवायला बसणार होत्या. मुलांना वाचण्या-लिहिण्यात नेमकी काय अडचण आहे, हे शोधणं त्यांचं काम. डबा तसाच झाकून त्या शाळेकडे निघाल्या.

कायम पहिली येणारी मुलगी विज्ञानात नापास झाली होती. पेपर कोरा नव्हता. उत्तरं ठासून लिहिलेली होती, पण चूक. हृदयाला तीन कप्पे. श्वास घेताना फुप्फुसं आकसतात. हा भाग घरी वाचून यायला सांगितला होता. वर्गशिक्षकांच्या मते ती आजवर कॉपीच करत आली होती. शुद्धलेखनाचा पहिल्यापासून आनंदीआनंदच होता, पण परीक्षेतले प्रश्न शिक्षकच वर्गात वाचून दाखवत आणि उत्तरं बरोबर येत, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. आता तिची सगळी बक्षिसं काढून घ्यायची भाषा सुरू झाली होती.

आई तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला घेऊन आली. धाकटी बाहेर बाकावर गोष्टीचं पुस्तक उघडून बसली.

आत तपासनीसबाईंनी थोरलीपुढे उतारा ठेवला. चष्मा घरी राहिला, असं ती म्हणाली. हिला चष्मा कुठला, डोळे-कान नुकतेच तपासलेत, ठीक आहेत, असं आईनं सांगितलं. मग थोरलीनं वाचायला घेतलं. ‘प्रवास’चा ‘पाऊस’ झाला. जोडाक्षर आलं की ती अडखळे. अर्थ नसलेले, मुद्दाम बनवलेले शब्द तर तिला फोडताच येईनात. नंतर बाईंनी एक लांबलचक गोष्ट वाचून दाखवली. ती थोरलीनं जवळजवळ शब्दन् शब्द परत सांगितली.

“हृदयाला कप्पे किती?”

“तीन.”

“पुस्तकात दाखव.”

चित्र तिला लगेच सापडलं. ओळ सापडेना. ‘चार’ हा शब्द तिच्या बोटाखालीच होता.

घरी अभ्यास कसा होतो, असं बाईंनी आईला विचारलं. दोघी एकत्र बसतात, आई म्हणाली. धाकटी मोठ्यानं वाचते, वरच्या वर्गाची पुस्तकंसुद्धा. थोरली नुसती फरशीवर लोळत असते. तरी कपाटातले बक्षिसांचे सगळे कप थोरलीचेच.

“ते कपाट पुसतं कोण?”

“धाकटी. का हो?”

बाईंनी सगळ्यांना मुख्याध्यापिकांच्या खोलीत बोलावलं आणि धाकटीला तेच पान वाचायला दिलं. ती न अडखळता ‘चार कप्पे’ वाचून गेली.

“ताईला वाचून दाखवलंस तेव्हाही चारच होते?”

धाकटीनं पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

मग बाईंनी उलगडा केला. पक्का निदान-अहवाल द्यायला आणखी चाचण्या लागतील. पण ही कॉपी नाही आणि नाटकही नाही. थोरलीला वाचनाची अध्ययन-अक्षमता आहे, बुद्धीत काही कमी नाही. ऐकलेलं तिच्या डोक्यात पक्कं बसतं, त्यामुळे आजवर कुणाला पत्ताच लागला नाही. चुकत वाचणाऱ्याची उत्तरं अर्धवट, गोंधळलेली असतात. हिची चूक होती, पण नीटनेटकी होती. बरोबर उत्तर माहीत असलेल्या कुणीतरी ते जाणूनबुजून फिरवलं होतं. जिला स्वतः वाचता येत नाही, तिला ते कुणीतरी ऐकवलेलंच असणार.

“वाचायचं मी,” धाकटी म्हणाली, “आणि कप तिला. तिचं नाव पुकारतात तेव्हा तुम्ही सगळे उभे राहता. माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.”

वर्गशिक्षक खिडकीबाहेर बघू लागले.

थोरली उठून धाकटीजवळ गेली. ती रागावेल असं सगळ्यांना वाटलं.

“तीन म्हणालीस तेव्हा तुझा आवाज वेगळाच लागला होता,” ती म्हणाली. “मला वाटलं, घसा दुखतोय. म्हणून परत वाच म्हटलं नाही.”