जसंच्या तसं

दुपारी कॉलेज सुटलं की तलासरीच्या त्या डीटीपीच्या दुकानात निधीसमोर गर्दी व्हायची. कुणाचा इतिहास, कुणाचं समाजशास्त्र… सगळ्यांचे शोधनिबंध विद्यापीठाच्या नमुन्यात बसवून द्यायचे, हे तिचं काम. समास, तळटीपा, संदर्भसूचीत आडनाव आधी – नियमांबाबत ती कुणाचं काही चालू द्यायची नाही.

त्या दिवशी एक नवा मुलगा आला. हातात पेन ड्राइव्ह.

"मी दिपक, उधव्याचा. आमच्या वारली लग्नगीतांवर लिहिलंय."

"तळटीपा पानाखालीच दिल्यात ना?"

"नाही… सगळ्या शेवटी."

"म्हणजे परत माझ्याच डोक्याला ताप!"

"म्हणून तर आलो," तो हसला. आणि निधीला उगीचच आपलं बोलणं जरा कडक वाटलं.

मग तो येतच राहिला. एखादा स्वल्पविराम विचारायलासुद्धा.

"हे फोनवर विचारता आलं असतं."

"फोनवर तुम्ही चिडलेल्या दिसत नाही ना!"

पण पहिलं प्रूफ वाचताना त्याचा चेहरा उतरला.

"गाणी… तुम्ही बदललीत?"

"शुद्धलेखन केलं फक्त. 'नाय'चं 'नाही' –"

"माझी आई गाते ही. ती 'नाय'च म्हणते." त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "पुस्तकातलं वाक्य असतं तर बदललं असतंत?"

निधीनं प्रूफ त्याच्या हातातून परत घेतलं. पुस्तकातल्या उताऱ्यातली चूकसुद्धा ती जशीच्या तशी ठेवायची. नियमच होता तो.

"मला ऐकायचंय," ती हळूच म्हणाली. "त्यांच्याच तोंडून."

रविवारी ती त्याच्या बाइकवरून उधव्याला गेली. त्याची आई, जमनाबाई, अंगणात तांदूळ पाखडत गात होत्या. निधी शेजारी लॅपटॉप घेऊन बसली. "थांबा ना… परत म्हणा," असं करत एकेक ओळ उतरवत गेली. तांदूळ संपले, तरी दोघी उठल्या नाहीत. दिपक दाराला टेकून बघत होता – आईकडे की तिच्याकडे, त्याचं त्यालाच कळेना.

शेवटची प्रत छापून झाली. आभाराच्या पानावर प्राध्यापक होते, आई होती, चहावाला नितीनसुद्धा होता. निधी नव्हती.

"मी राहिले वाटतं…" ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली.

"राहिल्या नाहीत. मुद्दाम घातलं नाही."

"का?"

"आभार मानले की माणूस मोकळा होतो. मला… मोकळं नाही व्हायचं."

निधीनं समोरचे कागद नीट केले. ते आधीच नीट होते. डोळ्यांपुढे डहाणूजवळच्या नरपडची घरची चिकूची वाडी आली, बाबा आले, काका आले.

"आमच्या घरी सोपं नाही जाणार, दिपक."

"आमच्याही. आई विचारत होती, वाडीवाल्यांची पोर आपल्यात कशी रमेल?"

"मग तू काय म्हणालास?"

तिच्या तोंडून 'तू' निघून गेलं. दोघांनाही ते ऐकू आलं.

"म्हटलं, तिलाच विचारतो."

बाहेर रिक्षावाला डहाणू, डहाणू ओरडत होता. ती उठली, पर्स खांद्याला लावली.

"बाबांशी आधी मी बोलते. ते चिडतील."

"मग?"

"मग तू ये."