एल म्हणजे लेफ्ट

"हलू नका! आहात तिथंच थांबा!"

ठमीचा एक पाय कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात, एक पायरीवर. काखेत लॅपटॉप, खांद्यावर पिशवी, पिशवीतून डोकावणारी चित्रं काढायची डिजिटल पाटी. बोलतंय कोण तेच कळेना. मग टेबलाखालून एक विस्कटलेलं डोकं वर आलं.

"स्क्रू पडलाय. एवढासा. बहुतेक… तुमच्या चपलेखाली."

तिनं पाय उचलला. होताच! त्यानं तो चिमटीत धरून असा न्याहाळला, जसा काही हरवलेला हिराच.

"वा, आल्या आल्या कामाला आलात."

"आता तुम्ही माझ्या कामाला या," म्हणत ठमीनं लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला.

सकाळपासून लॅपटॉपचं एकच चाललं होतं. सुरू व्हायचं, निळा पडदा दाखवायचा, मान टाकायची, की पुन्हा सुरू.

"नवीन काही टाकलंत यात?"

"पाटी नवीन आहे. तिचा ड्रायव्हर टाकला. म्हणजे मशीनला पाटीची भाषा कळावी म्हणून असतो ना, तो."

"तो माहितेय मला," तो हसू दाबत म्हणाला. त्यानं पाटी उलटीपालटी केली. "पण नाव नीट वाचलं होतंत? तुम्ही 'एल'वाला टाकलाय. ही तर छोटी पाटी आहे."

ठमीनं हळूच डावा हात वर केला.

"मी डावखुरी आहे ना… मला वाटलं, एल म्हणजे लेफ्ट."

त्यानं ओठ घट्ट मिटले. नाकपुड्या फुगल्या. डोळ्यांत पाणी आलं.

"हसा, हसा. काय ते एकदाच हसून घ्या आणि कामाला लागा."

"एल म्हणजे लार्ज हो!" म्हणून तो जो हसला… आणि राग यायच्या ऐवजी ठमीला ते हसणं आवडूनच गेलं. हे काही बरं नव्हतं.

"तुमची चित्रं आधी काढून घेतो," तो म्हणाला, "मग सगळं पुसून नव्यानं टाकतो. उद्या संध्याकाळी या."

"उद्या नाही. आज."

"आज कसं—"

"आजच."

ऑफिसातली हिशेबाची खुर्ची सोडून ती चित्रांच्या मागे लागली, तेव्हा तिनं आईला शब्द दिला होता. पहिलं पुस्तक वेळेत दिलं तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं परत त्याच खुर्चीवर. पुस्तक होतं एका गोगलगायीचं. सगळी चित्रं झाली होती, शेवटचं तेवढं राहिलं होतं. आणि संपादकबाई म्हणाल्या होत्या, आज संध्याकाळपर्यंत आलं नाही तर हे पुस्तक दुसऱ्या कुणाला देईन.

"मी इथंच बसते," ठमी म्हणाली. दुकानातल्या एकुलत्या एका स्टुलावर पोट उघडलेला प्रिंटर बसला होता. त्यानं प्रिंटर उचलून जमिनीवर ठेवला.

तेवढ्यात आईचा फोन. ठमीनं काय बिघडलं ते थोडक्यात सांगितलं.

"ड्रायव्हर चुकीचा निघाला? मग काढून टाक की त्याला! पण गाडी कुणाची आहे?"

"आई, गाडी नाही गं, कॉम्प्युटर!"

"अगंबाई, त्यालाही ड्रायव्हर लागतो?"

टेबलापलीकडे कुणाला तरी जोराचा खोकला आला.

त्यानं मशीन सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरतं, सुरू केलं. आधी चित्रं पेनड्राइव्हवर घेतली.

"दुसरीकडे कुठं ठेवली नव्हतीत?"

"उद्या ठेवणार होते."

"सगळेच उद्या ठेवणार असतात," तो म्हणाला.

ड्रायव्हर काढला. मशीन सुरू केलं. निळा पडदा. पुन्हा काढला… पुन्हा निळा.

"फार चिकट आहे," त्यानं कपाळ पुसलं. "घालवला तरी परत येऊन बसतोय. ऐका माझं, पुसूनच—"

"नाही म्हटलं ना! थांबा, ती ड्रायव्हरांची यादी दाखवा परत." ठमी पडद्यावर वाकली. तिचे केस त्याच्या खांद्याला लागले. तो जरा सरकला. अगदी जरासाच. "पाटीचं नाव इथं दोनदा आहे. एक ठळक आणि हे बघा, खाली एक फिकट."

"अरे! हा जुळा भाऊ लपून बसलेला! मला कसा नाही दिसला?"

"दिवसभर रंगच बघते मी. फिकट सुटत नाही."

फिकटही काढला, त्याची फाइलही पुसली. मशीन पुन्हा सुरू होताना दोघंही श्वास रोखून बसले. आणि पडद्यावर, शिंगं ताठ करून, गोगलगाय आली!

"जमलं…" तो पुटपुटला.

पाटीच्या पाठीवरचा नंबर त्यानं तिला एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला लावला आणि मगच बरोबर ड्रायव्हर टाकला. ठमीनं पेन उचललं. घरी जाण्याइतका वेळ नव्हता, तिथंच काढायला घेतलं. तिचं कोपर डावीकडे एकदा अडलं. दुसऱ्यांदा अडायच्या आत त्यानं त्याची हत्यारं, दिवा, चहाचा कप, सगळं तिच्या डाव्या बाजूनं उचलून उजवीकडे नेलं. विचारलं नाही, सांगितलंही नाही.

जन्मभर लोक तिला बाकाच्या टोकाला बसवत आले होते. 'तुझं कोपर लागतं गं.' तिच्यासाठी जागा करणारा हा पहिलाच. तिची रेघ क्षणभर थांबली… मग पुढे निघाली.

उन्हं उतरता उतरता चित्र गेलं. संपादकबाईंचं उत्तर आलं, "मिळालं. गोगलगाय गोड आहे. पुढच्या पुस्तकाचं बोलू या." ठमीनं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा त्याला वाचून दाखवलं, कारण तिचे डोळे भरले होते आणि कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

"काही अडलं तर या," दारात तो म्हणाला.

"अडलं तर… येईन."

आणि झालं काय, तर काहीच अडेना. मशीन लोण्यासारखं चालायचं. पाटी शहाण्या बाळासारखी वागायची. ठमीला दोघांचाही राग येऊ लागला. मुद्दाम काहीतरी बिघडवावं? छे! खोट्या कारणानं जाणाऱ्यातली ती नव्हती. एका दुपारी तिनं केस विंचरले आणि रिकाम्या हातांनी निघाली.

त्यानं आधी तिचे हात पाहिले. "मशीन कुठंय?"

"घरी. छान चाललंय."

"मग पाटी?"

"तीही."

"मग… काय अडलंय?"

"हेच. काहीच अडत नाही." वाटेत घोटलेलं वाक्य ऐन वेळी दगा देऊन गेलं. पण मागे फिरायचं नाही, हे तिनं पायरीवरच ठरवलं होतं. "अडायची वाट बघत बसले तर म्हातारी होईन मी. तुला भेटायला आले."

तुला! शब्द सुटला तो सुटलाच.

त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले होते.

"मी रोज लवकर दुकान उघडतोय," तो म्हणाला. "तुम्ही याल… म्हणजे तू… येशील म्हणून."

"आधी तुझं व्याकरण ठरव," ठमी म्हणाली, "मग बाहेर चहा पिऊ."

"ठरलं," तो म्हणाला. तिच्या मागोमाग बाहेर आला आणि भर दुपारी, गिऱ्हाईक समोरून येत असताना, त्यानं शटर खाली ओढलं.